लाल रांगोळी

ग्रामपंचायतीसमोरच्या अंगणात आमचं सगळं शिवार रांगोळीनं काढलं होतं. कृषी केंद्रातून आलेली मॅडम म्हणाली, "पाणी साचून, जमिनीवर मीठ फुटून जिथं पीक धोक्यात आहे, तिथं लाल रांगोळी टाका. त्यावरूनच पुढची कामं ठरतील."

सगळे सरसावले आणि लाल पडू लागलं ते शेजाऱ्याच्या रानात! आपलं रान नासलंय असं चारचौघांत कोण म्हणेल? "तुझ्या रानात तर बेडूक पोहतात!" आवाज चढले. मॅडम डोक्याला हात लावून बसली.

तेवढ्यात हौसाकाकू उठल्या. त्यांचा नदीकाठचा मळा म्हणजे गावाची शान. दुसऱ्याच दिवशी मुलीकडचे त्यांचा लेक आणि तो मळा बघायला यायचे होते. काकूंनी मूठभर लाल रांगोळी घेतली आणि आपल्याच मळ्यावर ओतली.

"काकू, उद्या पाहुणे येणार!" मी कुजबुजलो.

"म्हणून काय मातीला पावडर लावू? बांधाकडचा ऊस तेवढा हिरवा आहे. आत मीठ फुटलंय."

मग म्हातारे बापूतात्या उठले आणि स्वतःच्या रानात लाल टाकून आले. त्यांच्यामागं मीही.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना मळ्याकडं नेताना वाटेत तो नकाशा लागला. मुलीचे वडील थांबले. "हा एवढा लाल मळा कुणाचा?"

"आमचाच," काकू म्हणाल्या.

मुलीच्या वडिलांनी डोक्यावरची टोपी नीट केली. "आमच्याही गावात असला नकाशा काढायचाय. शिकवायला याल ना, विहीणबाई?"