कव्हराचं कापड

कॉम्प्युटर गुरुवारी येणार म्हणून श्रीरामपूरच्या छगनरावांनी सोमवारीच खोलीला रंग दिला, खिडकीला पडदा लावला आणि छबूबाईंचं माहेरून आलेलं शिलाई मशीन उचलून पडवीत ठेवलं. वर कॉम्प्युटरला कव्हर शिव म्हणून त्यांच्याच हातात मोरपंखी कापड दिलं.

"मी या घरात आले तवा भिंतीला चुनासुदिक लावला न्हवता," छबूबाई म्हणाल्या.

"अगं, त्याला धूळ चालत न्हाई."

"मला लई चालली! चाळीस वर्सं माझ्या मशीनवर तुमची फाटकी लुंगी हाय, अन् त्या येणारणीला मोरपंखी!"

कापड घडी घालून कपाटात गेलं. कव्हर काही शिवलं गेलं नाही.

गुरुवारी डिलिव्हरीवाल्याने दारातच खोका उघडून दाखवला, तर स्क्रीनला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. "काका, हा आत्ताच परत न्यावा लागेल. दुसरा यायला पंधरा दिवस," असं म्हणत तो खोका पुन्हा बंद करू लागला. छगनराव मटकन पायरीवर बसले.

"थांब रे भाऊ, इतक्यात बांधू नको," म्हणत छबूबाई लगबगीने आत गेल्या आणि हळदकुंकू, मूठभर तांदूळ, नारळ घेऊन बाहेर आल्या.

 

मग कपाटातून आणलेली मोरपंखी कापडाची घडी खोक्यात ठेवत म्हणाल्या, "सवत असली म्हणून काय झालं, माहेरी निघालेल्या बाईला ओटी भरल्याबिगर पाठवत न्हाईत."