सात कोनांचा पाना

बाजारात पाचकोनी पाना मिळत नाही, म्हणूनच जयसिंगनं व्हॉल्व्हच्या दांड्याला पाच कोन पाडले. वडिलांच्या छोट्या लेथ मशीनवर, मोटर बंद ठेवून, मागच्या गिअरचे दात मोजून दांडा सारख्या अंतरानं फिरवत, हत्यार हातानं ओढून रंध्यासारखं तासत. तो दांडा त्यानं गच्चीवरच्या टाकीला, वरच्या मजल्याच्या व्हॉल्व्हला बसवला आणि त्याला बसेल असा स्वतः घडवलेला पाना फिरवून पाणी तोडलं. वर राहणाऱ्या धाकट्या भावानं, रणजितनं, ते मशीन मागितलं होतं. तिथूनच भांडण पेटलेलं.

"वाहू दे त्याला बादल्या," जयसिंग बायकोला, शालनला म्हणाला.

आज सकाळी त्याच्याच नळाला पाणी नव्हतं. तो पाना घेऊन तणतणत गच्चीवर गेला. रणजितचा व्हॉल्व्ह सताड उघडा, जयसिंगचा बंद, आणि दोन्ही दांड्यांना सात कोन. साफ, एकसारखे. ही युक्ती त्यानं आयुष्यात एकालाच शिकवली होती.

खाली येऊन त्यानं मशीनवर बोट फिरवलं. ताजं तेल लागलं.

"त्याला घरात कुणी घेतलं?"

"मी," शालन म्हणाली. "सातकोनी पाना तुमच्यासाठीही केलाय भावजींनी. वर येऊन मागा म्हणालेत."

"मागायला माझं अडलंय खेटर!" त्यानं मशीनच्या चकात नवी सळई आवळली. "आता नऊ कोन पाडतो."

"पाडा," शालननं रिकामी कळशी कमरेवर घेतली. "मी वर जाऊन पाणी आणते. चहाही जावेकडेच घेईन."