काकूंवर भाळलेला पतंग

सदाफुलीच्या वाफ्यासमोर निरंजन हिरवी टोपी घालून पालथा पडला होता. दिवसा उडणारा हॉकमॉथ हा पतंग फुलावर बसत नाही. हवेतच तरंगत सोंडेनं मध पितो आणि कॅमेरा दिसला की पसार होतो. निसर्गमंडळाच्या प्रदर्शनासाठी फोटो द्यायचा आज शेवटचा दिवस होता. निरंजनचे आजवरचे फोटो इतके हललेले, की मंडळात त्याला प्रेमानं 'धुकं' म्हणत.

"अरे, चक्कर आली का?" शेजारच्या टिल्लूकाकू कपडे वाळत घालायला आल्या होत्या.

"काकू, हलू नका!"

हॉकमॉथ आला होता. सदाफुलीकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. काकूंच्या गाऊनवरच्या भल्यामोठ्या जांभळ्या फुलांसमोर तो तरंगू लागला आणि सोंड लावून मध शोधू लागला.

"चावतो का रे?" काकूंनी ओठ न हलवता विचारलं.

"नाही. फक्त श्वास सोडू नका."

काकूंनी इमानेइतबारे श्वास रोखला. आयुष्यात पहिल्यांदा निरंजनचा फोटो स्वच्छ आला. त्यानं तो तिथूनच मंडळाला पाठवला.

अध्यक्षांचं उत्तर लगेच आलं. "वा, धुक्या! निवड पक्की. पाटीवर लिहायला फुलाचं नाव कळव."

निरंजननं खरं तेच कळवलं.

प्रदर्शनात फोटोखाली छापलं होतं, 'फूल : टिल्लूकाकू (स्थानिक नाव)'. काकू नटूनथटून आल्या आणि पाटीशेजारी श्वास रोखून उभ्या राहिल्या. निरंजननं त्यांचा फोटो काढला.

तो हलला.