मैदानाचा ठराव

"शाळेच्या मैदानावर गाळे बांधायचा ठराव आहे. विरोध असेल त्यानं उभं राहावं," सरपंच म्हणाले.

ग्रामसभा त्याच मैदानात बसली होती. केरबाची नजर कडेच्या खो-खोच्या खांबावर गेली. चाळीस वर्षांपूर्वी इथंच घाम गाळून त्यांच्या संघानं तालुक्याची ढाल आणली होती. तेव्हा दिवेलागणीला आया पोरांना हाका मारून थकायच्या. आता त्याचा दहा वर्षांचा नातू जिना चढताना धापा टाकतो. डॉक्टर म्हणतात, पोराला खेळायला पाठवा. कुठं पाठवायचं, ते काही सांगत नाहीत.

केरबा गुडघ्यावर हात टेकून उठला. अख्ख्या सभेत तो एकटाच उभा.

"बसा तात्या," सरपंच हसून म्हणाले. "एकट्यानं काय हुतंय?"

केरबाच्या पुढच्याच ओळीत रंगराव पाठमोरा बसला होता. एकेकाळचा त्याच संघातला गडी. दोन नंबरचा गाळा त्यालाच मिळणार होता. केरबानं वाकून त्याच्या पाठीवर थाप मारली.

"खो."

विचार करायच्या आत रंगराव ताडकन उभा राहिला. सभा हसली. तो मात्र खांबाकडं बघत राहिला. मग वाकून त्यानं पुढच्याच्या पाठीवर थाप दिली.