बुवा दत्तजयंतीत होते

“नाही म्हणजे नाही! संगणक काय खोटं बोलतो?” म्हणत आगाशेकाका कॅसेटींच्या कपाटाला कुलूप लावू लागले.

देवरुखच्या वेणूताई आमच्या कीर्तनसभेत आपल्या वडिलांचं, अच्युतबुवांचं, जुनं कीर्तन ऐकायला आल्या होत्या. घरची एकुलती कॅसेट बुरशीने गेली होती. आमच्या संगणकावरच्या एक्सेल यादीत बुवांचं नाव तीनदा शोधलं, तरी सापडेना.

“काका, प्रत्येक उत्सवाची शीट वेगळी ना? मग शोध रामनवमीतच का घुटमळतोय?” मी शोधाच्या चौकटीतले पर्याय उघडले. तिथे मुळातच ‘फक्त ही शीट’ निवडलेलं होतं. ते बदलून ‘संपूर्ण वर्कबुक’ केलं आणि पांडुरंगाचं नाव घेऊन बटण दाबलं.

दत्तजयंतीच्या शीटवर बुवा हजर! यापुढे फाइल उघडताच हीच निवड लागेल, अशी सोयही मी लगेच करून टाकली.

कपाटातली कॅसेट लावताच टेपरेकॉर्डरवर बुवांचा खणखणीत आवाज उमटला. वेणूताईंनी डोळे पुसत टाळ्यांचा ठेका धरला, आम्हीही सोबत गाऊ लागलो. आगाशेकाका हळूच चहा सांगायला उठले.

“बसा खाली!” ताई कडाडल्या. “कीर्तनातून मध्येच उठलेलं बाबांना खपत नसे.”

काका मुकाट्याने बसले, आणि पुढच्याच चरणाला त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा लागला.