एकशे सतरा

"एकशे सतरा!" गेटवरच्या रखवालदारानं हाक मारली.

"हजर!" सुनेनं पिवळं कार्ड उंच धरलं आणि ती आत शिरली.

काचेच्या बाटल्यांच्या त्या कारखान्यात शिरायला दोन रांगा होत्या. निळ्या कार्डाचे ते कायम. त्यांना रखवालदार नावानं ओळखायचा, वर तब्येतही विचारायचा. पिवळ्या कार्डाचे कंत्राटी. त्यांना नुसता नंबर. माणूस गेला तरी नंबर राहायचा, पुढच्याच्या गळ्यात पडायचा.

सुनेची सासू निळ्या रांगेतून कधीच आत जाऊन बसली होती. एकतीस वर्षं ती त्याच उंच स्टुलावर बसून दिव्यासमोरून सरकणाऱ्या बाटल्या बघत होती. तडा दिसला की बाटली उचलायची, बाजूला ठेवायची. शेजारच्या स्टुलावर सून. काम तेच, बाटल्या त्याच, डोळ्यांची आगही तीच. पगार मात्र निम्मा.

आज सासूचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. आणि सुनेचे अकरा महिनेही नेमके आजच भरत होते. अकरा महिने झाले की कंत्राटी माणसाला एक दिवस घरी बसवायचं, म्हणजे त्याची नोकरी सलग धरली जात नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावायचं. सुनेचा हा सहावा ब्रेक.

"एकच दिवस ना गं?" सासूनं बाटल्यांवरची नजर न काढता विचारलं.

"एकच."

"मग त्या दिवशी तुझा नंबर कुणाकडे असतो?"

"कुणाकडे असणार? ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये झोपा काढतो."

"मज्जा आहे बाबा त्याची," सासू म्हणाली आणि तडा गेलेली एक बाटली अलगद उचलून तिनं बाजूला ठेवली.

सुनेला राहवेना. "आई, साहेबांशी बोललात?"

"बोलले की. म्हटलं, माझ्या जागेवर सुनेलाच घ्या. हात बसलाय तिचा, नजर माझ्याहून तेज आहे."

"मग?"

"बघू म्हणाले."

"आई, बघू म्हणजे..."

"एकतीस वर्षांत साहेबांनी मला कधी नाही म्हटलेलं नाही."

एकतीस वर्षांत तुम्ही काही मागितलंय कधी, हे सुनेच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं नजर पुढच्या बाटलीकडे वळवली.

संध्याकाळी सासूला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. चार जणांनी टाळ्या वाजवल्या आणि पाळी बदलायची वेळ झाली म्हणून हात आवरले. घरी येऊन सुनेच्या नवऱ्यानं ते खिळ्याला टांगलं. त्याचा कारखाना दोन वर्षांपूर्वी बंद पडला होता. तेव्हापासून तो घरातले खिळे ठोकायचा आणि विनोद करायचा.

"आत्तापर्यंत कसं झकास होतं," तो म्हणाला. "घरात एक कायम, एक कंत्राटी आणि एक कायमचा घरी."

कुणी हसलं नाही. सासूची पेन्शन तिच्या औषधांना जेमतेम पुरणार होती. सुनेच्या निम्म्या पगारात भाडं गेलं की उरायचा फक्त महिना. निळं कार्ड मिळालं तर निभणार, नाहीतर हे घर सोडायचं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"अरेच्चा," नवरा घड्याळाला कान लावून म्हणाला, "हे तर बंदच आहे!"

ब्रेकच्या दिवशी सून घरीच राहिली. सासू मात्र सवयीनं पहाटेच उठली, इस्त्रीचे कपडे घातले आणि पेन्शनच्या सह्या करायच्या आहेत म्हणून कारखान्यात गेली. दुपारी आली ती गालातल्या गालात हसत.

"उद्या तू निळ्या रांगेत उभी राहा," ती म्हणाली.

सुनेनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "यादी लागली?"

"लागेल गं! साहेबांनी आज मला खुर्ची दिली बसायला. चहा पाजला. जिथे बोट ठेवलं तिथे सही केली मी."

"बघू म्हणाले की हो म्हणाले?"

"तू ना, फार खुसपटं काढतेस. उद्या तू पुढे हो, मी येते मागनं."

"तुम्ही कशाला?"

"आहे एक गंमत."

"घड्याळ बदलून आणणार असेल," नवरा म्हणाला. सासू मान हलवत आत गेली आणि कपाटातलं कामाचं जुनं जाकीट काढून त्याचं बटण शिवायला बसली.

दुसऱ्या दिवशी सून निळ्या रांगेत उभी राहिली. सहा वर्षांत पहिल्यांदाच. तिची पाळी आली तसं रखवालदारानं यादीवरून बोट फिरवलं. वरून खाली, मग खालून वर.

"तुमच्या सासूबाईंची जागा ना? ती परवाच बंद केली हो. बाई गेल्या, जागा गेली." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "इकडे उभ्या राहू नका."

सून पिवळ्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. तिनं स्वतःला समजावलं. निम्मा तर निम्मा. आपला नंबर तरी कुठे गेलाय? महिना कसाबसा ढकलू. ड्रॉवरमधलं कार्ड नंबर पुकारल्यावर खिडकीतून मिळायचं, म्हणून ती कान देऊन उभी राहिली. एकशे चौदा गेला. एकशे पंधरा. एकशे सोळा.

"एकशे सतरा!"

सुनेनं हात वर केला.

"हजर, हजर!" तिच्या मागून धावत आलेली सासू धापा टाकत, हसत म्हणाली आणि तिनं कोरं करकरीत पिवळं कार्ड उंच धरलं.