शेवटचा ठिपका
विज्ञान प्रदर्शनाचं दार उघडायच्या आत सरांनी माझ्या तक्त्यावर खत कंपनीचं स्टिकर चिकटवलं, नेमकं आलेखाची रेघ जिथे खाली कोसळते त्या शेवटच्या ठिपक्यावर. “सर, जास्त खतानं शेवटचं रोप जळून मेलं. तोच तर माझा निष्कर्ष आहे!” “अतिशहाणपणा नको. बक्षिसं कंपनीच देतेय. जास्त खत, जास्त वाढ, एवढंच बोल.” मैत्रिणीनं माझा हात दाबला, “गप्प बस गं, पहिला नंबर जाईल.” मी दातओठ खात उभी राहिले. परीक्षकबाई आल्या, सरळ चढत गेलेली रेघ पाहून खूश झाल्या. “छान! आणखी खत घातलं तर?” सरांनी डोळे वटारले. मी स्टिकर ओरबाडून काढलं. कागदही फाटला, आलेखाला भोक पडलं. “अगं कार्टे!” सर ओरडले. बाई वाकल्या. “इथे काय होतं?” “मेलेलं रोप,” मी म्हणाले आणि स्टिकर उलटं करून त्यांच्या हातावर ठेवलं, ठिपक्यासकट.